इमॅजिकाला जाताना राहायचं कुठं? पार्कातल्या हॉटेलात का बाहेर?

दुपारचे दोन-सव्वादोन झाले असतील, २०२३ चा मे महिना, सकाळपासून आम्ही खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कात फिरत होतो आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, एका बाकावर जाऊन बसल्या त्या उठेचनात. गुडघा हातानं दाबत होत्या, बोलत काहीच नव्हत्या. घरी त्या कधी दुखतंय म्हणून सांगत नाहीत, त्यामुळं त्या गप्प झाल्या की आम्हाला कळतं. आम्ही उतरलो होतो लोणावळ्याला एका बंगल्यात, गाडी एकच, आणि चालवणारे एकटे आमचे हे. मग काय, हे आत्यांना घेऊन घाट चढून वर गेले, त्यांना बंगल्यावर सोडलं आणि परत खाली आले, तर रविवारच्या गर्दीत गाड्या मुंगीच्या पावलानं चाललेल्या, परत यायला सहा वाजून गेले. तेवढा वेळ मी एकटी, नऊ वर्षांची लेक आणि तीन वर्षांचा लेक. मोठीला राइडवर बसायचंय, धाकट्याला सोडून मला जाता येत नाही. तिनं एकटीनं दोन राइड केल्या आणि तिसऱ्याच्या रांगेतनं परत आली, म्हणाली राहू दे आई, एकटीला मजा येत नाही.

तो दिवस माझ्या मनातनं गेलाच नाही. तिकिटाचे पैसे सगळ्यांचे भरलेले, सोलापूरवरनं सव्वातीनशे किलोमीटर गेलेलो, आणि निम्मा दिवस आमचं घर दोन ठिकाणी वाटलेलं.

या दिवाळीच्या सुट्टीत पोरांनी परत इमॅजिकाचं काढलं तेव्हा आत्या सरळच म्हणाल्या, "तुम्ही जावा बाई, मी घर बघते. माझ्यामुळं तुमची ओढाताण नको." ते वाक्य ऐकून मी ठरवलं की यावेळी राहायचं ठिकाण आधी नीट ठरवायचं, आणि आत्या येणार नसतील तर जायचंच नाही. ह्यांना सांगितलं, ते म्हणाले बघ तू, तू ठरवशील तसं.

पुण्याला माझा मोठा भाऊ असतो, त्याला फोन केला. दादाचं म्हणणं ठरलेलं असतं, "अगं झोपायलाच तर जायचं असतं, त्याला कशाला एवढे पैसे? दिवसभर पार्कात, रात्री नुसतं पडायचं." हे वाक्य मी किती जणांकडनं ऐकलंय म्हणून सांगू, आणि खरंतर आम्हीपण पहिल्या वेळी हाच हिशोब केला होता. पण तो हिशोब धडधाकट माणसांचा आहे. खोली लागते ती रात्री दहाला नाही, दुपारी दोनला लागते. रात्री तर माणूस कुठंपण पडतं, सतरंजीवरपण झोप लागते. दुपारी दोनला जेव्हा एकाचा गुडघा दुखतो आणि एक लेकरू पेंगून खांद्यावर पडतं, तेव्हा खोली किती लांब आहे आणि तिथं न्यायला कोण लागणार, हे बघायचं. दादाला हे सांगितल्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, हां, आईला घेऊन गेलो असतो तर माझंपण तेच झालं असतं.

मग मी पोरीच्या जुन्या वहीची मागची पानं घेतली आणि दोन दिवस नुसते फोन केले.

आधी बाहेरचे पर्याय. लोणावळा-खंडाळा मी पहिल्याच दिवशी खोडून टाकलं. ॲपवर बघितलं की जवळ दिसतं, कारण बऱ्याच ठिकाणी अंतर सरळ रेषेत दाखवतात, पण मध्ये अख्खा बोरघाट उभा आहे. लोणावळा वर आणि पार्क खाली, खोपोली-पाली रस्त्यावर. रस्त्यानं पंचवीस-तीस किलोमीटर भरतं. आता आपल्या सोलापूरकराला तीस किलोमीटर म्हणजे काय, मोहोळ, सपाट रस्ता, अर्ध्या तासात पोचतोय. घाटात तसं नसतं, शनिवार-रविवारी किंवा जोडून सुट्टी आली की तेच अंतर सव्वा-दीड तास खातं. मागच्या वेळी बंगलेवाल्यानं फोनवर "पार्क इथून वीस मिनिटं" म्हणून सांगितलं होतं आणि आम्ही विश्वास ठेवला. शिवाय तिथं भाडं आठ हजार ठरलेलं, वर जनरेटरचे वेगळे, जेवण करून द्यायचे वेगळे, आणि निघताना डिपॉझिटमधले दोन हजार कापले, का तर पडदा फाटलाय म्हणे, जो आम्ही गेलो तेव्हाच फाटलेला होता. तेव्हापासनं मी कुठंपण गेले की पहिल्यांदा खोलीचा मोबाईलवर व्हिडिओ काढते, पडदे, नळ, गादी सगळं, आणि तो तिथल्या माणसाला लगेच पाठवून ठेवते.

दुसरा पर्याय खोपोली गावातले लॉज. हे खरंच बरे पडतात, घाट मध्ये येत नाही, स्टेशन, बाजार, औषधाचं दुकान सगळं हाताशी, आणि दर आपल्याला झेपतात. तिसरा, खालापूर-कर्जतकडचे फार्महाऊस. दहा-बारा जण असतील, दोन-तीन कुटुंबं मिळून जाणार असतील तर हे सगळ्यात स्वस्त, माणशी वाटून घेतलं की काहीच वाटत नाही, पण आम्ही पाच जणच, आणि गाडी लागतेच. चौथा, पालीचा भक्तनिवास. बल्लाळेश्वराच्या पायाशी राहायला मिळतं म्हणून आत्यांना हा पर्याय सगळ्यात आवडला होता, पण रात्री पार्कातनं दमून निघायचं आणि अंधारात परत पालीपर्यंत जायचं, ते मला पटेना.

आणि पाचवा पार्काला लागूनच असलेलं हॉटेल, नोव्होटेल इमॅजिका. इमॅजिका सुरू झालं २०१३ ला, वॉटर पार्क त्याच्या पुढच्या वर्षी आणि हे हॉटेल २०१५ ला. दर बघितला आणि पहिल्यांदा मी मोबाईल बाजूलाच ठेवला. मग परत घेतला. एक गोष्ट लक्षात आली की दर रोज बदलतो, शनिवारचा आणि मंगळवारचा यात चांगलाच फरक, त्यामुळं सुट्टी असली तरी आठवड्याचे मधले दिवस धरायचे. दुसरी गोष्ट म्हणजे जीएसटी, आणि हे नीट बघा, कारण इथंच माणूस फसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासनं साडेसात हजारापर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी झालाय, आधी १२ होता. साडेसात हजाराच्या वर खोली गेली की १८ टक्के. म्हणजे स्क्रीनवर ७,४०० आणि ७,९०० यात पाचशेचाच फरक दिसतो, पण टॅक्स धरून ७,७७० आणि ९,३२२ होतात, दीड हजाराच्या वर गेलं की ते! म्हणून "कर वेगळा" लिहिलेलं असेल तर आधी कागदावर गुणाकार करायचा.

मी तिथं फोन करून बरंच विचारलं. दोन मोठे, एक म्हातारं माणूस आणि दोन पोरं, एका खोलीत बसतील का, का दोन घ्याव्या लागतील. जास्तीच्या गादीचे किती. नाष्टा धरलाय का, आणि पोरांचा पण धरलाय का. राहणं आणि पार्कची तिकिटं एकत्र असं पॅकेज मिळतंय का, आणि त्यात कुठली तिकिटं. चेक-इन किती वाजता. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा ठरला. चेक-इन दुपारी आहे म्हणल्यावर मला वाईट वाटलं आधी, म्हणलं सकाळी जाऊन खोली मिळणारच नाही. आणि मग रात्री पोळ्या लाटताना डोक्यात आलं, अगं, आपल्याला खोली पाहिजेच कधी? दुपारीच की!

तिथनं सगळं सुटत गेलं. आम्ही सोलापूरवरनं सकाळी सहाला निघालो तरी पोचायला दुपार-संध्याकाळ होणार. पहिल्या रात्री पार्कच्या हॉटेलात राहून काय मिळणार, नुसतं जेवून झोपणार, तिथं मात्र दादाचं म्हणणं शंभर टक्के खरं. म्हणून पहिली रात्र खोपोलीतल्या साध्या लॉजवर. दुसऱ्या दिवशी सकाळी सामान हॉटेलात ठेवायचं, पार्कात जायचं, आत्या दमेपर्यंत दुपार होते, तोवर खोली मिळते. आणि ती रात्र तिथंच. दोन्ही रात्री तिथं काढल्या असत्या तर साडेनऊ हजार जास्त गेले असते, ते वाचले. ह्यांना वही दाखवली, ह्यांनी सगळी बेरीज परत एकदा केली आणि म्हणाले, "बुक कर."

आत्यांना तयार करायला मात्र वरदविनायक लागला. खोपोलीजवळच महड आहे, अष्टविनायकातलं, त्यांनी बाकीचे सात बघितलेले, महड राहिलं होतं. म्हणलं आत्या, पहिल्या दिवशी महडचं दर्शन, दुसऱ्या दिवशी पार्क, आणि पाय दुखायला लागले की तुम्ही तुमच्या खोलीवर, कुणाला गाडी काढायला नको. त्यांनी दोनदा विचारलं, खरंच चालत जाण्यासारखं आहे का. मी हो म्हणलं, तेव्हा कुठं त्यांनी कपाटातली पिशवी काढली.

निघायच्या आदल्या दिवशी नवी पेठेत जाऊन सगळ्यांचे पोहायचे कपडे घेतले. वॉटर पार्कात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात, आणि तिथं जाऊन घेण्यापेक्षा घरनं नेलेलं बरं. पोरांची उंची दाराच्या चौकटीला पेन्सिलनं मापून घेतली, कारण बऱ्याच राइडला वयापेक्षा उंची बघतात, तिकिटालापण पोरांची उंचीच बघतात. लेकीला नायट्रोमध्ये बसायचं होतं, ते पाय लोंबकळत जाणारं मोठं रोलर कोस्टर, तिची उंची कमी पडणार हे घरीच कळलं. थोडी रडली, पण रांगेत तासभर उभं राहून गेटवर कळण्यापेक्षा घरी कळलेलं चांगलं.

आत्यांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घेतली. पार्कात बाहेरचं खायला नेऊ देत नाहीत म्हणून सांगितलं, तर म्हणाल्या खोलीवर खाऊ की.

प्रवासाचं फार सांगत नाही. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे टोल पार करत पुण्यात शिरलो, लोणी काळभोर ते हडपसरनं नेहमीप्रमाणं तासभर घेतला, घाट उतरलो आणि चारच्या सुमाराला महडला. आठवड्याचा मधला दिवस, गर्दी नव्हती. तिथं गाभाऱ्यात जाऊन स्वतःच्या हातानं पूजा करता येते आणि १८९२ पासनं तेवत असलेला नंदादीप आहे, आत्या त्याच्यासमोर कितीतरी वेळ बसल्या. मी मनात म्हणलं, आता उद्या काही झालं तरी यांची यात्रा झाली.

रात्रीचा लॉज साधा, चादरी स्वच्छ, गरम पाणी सकाळी सहा ते आठ. एवढंच पाहिजे होतं. पोरं नऊला झोपली.

सकाळी साडेनऊला हॉटेलच्या काउंटरवर बॅगा दिल्या, पावती घेतली, आणि एक छोटी बॅग वेगळी काढून ठेवली होती त्यात आत्यांच्या गोळ्या, गुडघ्याचा पट्टा, धाकट्याचे कपडे. हे लक्षात ठेवून करा, मोठी बॅग एकदा आत गेली की मधे एक गोळी काढायची म्हणली तरी खोळंबा होतो. पार्क उघडायच्या आधी अर्धा तास आम्ही गेटवर. गाडी जागची हलवायची नाही, पार्किंग शोधायचं नाही, सकाळचा तो वेळ असा मोकळा मिळाला की पहिल्या दोन तासात, रांगा वाढायच्या आधी, लेकीच्या मनातल्या चार राइड झाल्या. ह्यांनी नायट्रो केली, खाली उतरल्यावर पाच मिनिटं काही बोललेच नाहीत.

आत्यांना आम्ही आधी कॅरोसेलवर बसवलं, मग अलीबाबाच्या त्या बंदूक मारायच्या राइडमध्ये. त्यांनी बंदूक धरली ती अशी घट्ट, दोन्ही हातात, बांगड्या कोपरापर्यंत सरकवून, आणि अंधारात चोर दिसला की "हा बघ, हा बघ" करत नातवाला दाखवायच्या, स्वतः मारायचं विसरायच्या. बाहेर आल्यावर नातवानं विचारलं, आज्जी किती मारले? तर म्हणाल्या, "मी एकपण मारला नाही रे, बिचारे पळत होते."

दीड वाजता जेवलो. पावणेदोन-दोनला मी त्यांच्याकडं बघितलं, हात गुडघ्यावर गेलेला. धाकटापण डोळे चोळायला लागला होता. पण आज मला धडधडलं नाही. मी म्हणलं, आत्या, चला खोलीवर. त्या, धाकटा आणि मी, सावकाश बाहेर आलो, ऊन कोकणातलं, घामाच्या धारा, ऑक्टोबरलापण, त्यामुळं मधे एकदा सावलीला थांबलो, पण गाडी नाही, घाट नाही, कुणाला फोन नाही. काउंटरवर गेलो, खोली तयार होती. धाकटा पलंगावर टेकला आणि झोपलाच. आत्यांनी पाय उशीवर ठेवले, गुडघ्याला बाम लावला, एसी कमी करायला सांगितला आणि म्हणाल्या, "जा तू आता. लेकीबरोबर बस जा. आम्ही दोघं काय कुठं जात नाही."

त्यांना बाहेर पडून परत आत यायचं नव्हतं, त्यांचा पार्क तेवढाच होता. पण मला परत जायचं होतं, म्हणून बाहेर पडायच्या आधी गेटवरच विचारून घेतलं होतं की मला परत आत घेतील ना. हे तुम्हीपण बाहेर पडायच्या आधीच विचारा, पडल्यावर नाही. मी परत गेले, आणि मग दुपारी तीन ते पार्क बंद होईपर्यंत आम्ही तिघं होतो, मी, हे आणि लेक. तिच्याबरोबर मी राजासॉरसच्या पाण्याच्या राइडमध्ये बसले, नखशिखांत भिजले. डीप स्पेसमध्ये बसले, ते अंधारातलं कोस्टर, तिनं माझा हात इतका दाबला की बांगडीचा वळ उठला होता. अकरा वर्षांची पोरगी, आता ती अजून किती दिवस आईचा हात धरून राइडवर बसणार. दोन वर्षांपूर्वी तिनं रांगेतनं परत येऊन "राहू दे आई" म्हणलं होतं, ते त्या अंधारात मला आठवलं आणि डोळे भरून आले, बरं झालं अंधार होता.

संध्याकाळी आत्यांना फोन केला, त्या उठून चहा पिऊन खिडकीत बसलेल्या, धाकट्याला गोष्ट सांगत होत्या. रात्री हॉटेलातलं जेवण आम्ही घेतलं नाही, आपल्या मानानं मोठ्या हॉटेलातलं जेवण महाग पडतंच. दुपारी पोटभर झालं होतं, रात्री खोलीत वर्तमानपत्र अंथरून कडक भाकरी मोडली, शेंगाची चटणी, वर दही मागवलं. पाच जण एका खोलीत, एक जास्तीची गादी, पाय ठेवायला जागा नाही, पण सगळे एका जागी.

दुसऱ्या दिवशी वॉटर पार्क. निळं-पांढरं रंगवलेलं, मायकोनॉस नावाच्या ग्रीक बेटासारखं केलंय. नळाला चार दिवसांआड पाणी बघितलेली आमची पोरं, त्या लाटांच्या तळ्यातनं बाहेर यायला तयार नव्हती. इथं एक चूक झाली ती सांगते. चेक-आउट सकाळी करावं लागतं आणि आम्ही पाण्यात जायच्या आधी खोली सोडली, पण कोरडे कपडे आणि टॉवेल गाडीत मोठ्या बॅगेच्या तळाशी गेले. ओल्या अंगानं पार्किंगमध्ये बॅगा उपसत बसलो अर्धा तास, धाकटा कुडकुडायला लागला. वॉटर पार्क दुसऱ्या दिवशी ठेवणार असाल तर आदल्या रात्रीच त्याची पिशवी वेगळी भरा. आत्या त्या दिवशी पाण्यात आल्या नाहीत, त्यांचं तिकीटच काढलं नव्हतं, त्या हॉटेलच्या लॉबीत पंख्याखाली पेपर वाचत बसल्या, दोन तासांनी मी जाऊन बघून आले तर शेजारच्या नाशिकच्या बाईंशी त्यांची ओळखसुद्धा झाली होती.

तीनला निघालो, रात्री साडेबाराला सोलापूर.

आता खर्चाचं. लॉजची एक रात्र, हॉटेलची एक रात्र, टॅक्स, जास्तीची गादी धरून मागच्या लोणावळ्याच्या ट्रिपपेक्षा साधारण पाच हजार जास्त गेले. मागच्या वेळचं घाटातलं पेट्रोल, जनरेटर आणि तो पडदा धरला तर फरक दोन-अडीच हजारांवर येतो. पुढच्या वर्षी दीर, जाऊबाई आणि त्यांची मोठी पोरं म्हणतायत आपण सगळे जाऊ, तेव्हा आत्या म्हणतायत की त्या येणार नाहीत, त्यांना गाणगापूरला जायचंय. तसं असेल तर मी दोन्ही रात्री खोपोलीचा लॉजच घेणार, दोन गाड्या असतील, सगळे धडधाकट, झोपायलाच तर जायचं. पण आत्यांचं मन बदललं आणि त्या येते म्हणाल्या, तर एक खोली मी तिथंच घेणार, त्यांच्यासाठी. दुपारी दोनसाठी.